आर्म-डिचोली-लिनक्स

बदल एका ओळीचा होता. भरतीच्या वेळी पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर अधूनमधून उगाच शून्य दाखवायचा आणि आमचा भाबडा प्रोग्रॅम ते खरं मानून ‘मानशीत पाणी नाही’ असा निरोप धाडून मोकळा व्हायचा. शून्य आलं तर आधीचा आकडा धर, इतकंच त्याला सांगायचं होतं. लिहायला दोन मिनिटं लागली. ती ओळ चोडणच्या बेटावर जाऊन चालू लागेपर्यंत सतरा दिवस गेले.

हे २०२२ च्या जुलैतलं. मधल्या सतरा दिवसांत मी डिचोलीच्या घरात बसून एक कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, बांधला. लिहिला नाही, बांधला. दोन्हीत बराच फरक आहे, तो पुढे येईलच.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं आधी सांगते. खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून राखलेली सखल शेतजमीन. त्या बांधात पाणी आतबाहेर करणारी लाकडी दारांची झडप असते, ती मानस. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबानं दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना बाहेर ढकलतं. मोटर नाही, वीज नाही. ही व्यवस्था पोर्तुगिजांच्याही आधीची आहे. दार फुटलं किंवा त्यात ओंडका अडकला तर खारं पाणी शेतात शिरतं, आणि मग कोरगुटासारखं खाऱ्या जमिनीतलं भातसुद्धा टिकेलच असं नाही. म्हणून एका संस्थेनं चौदा मानशींवर पाणी मोजणारे डबे बसवायचं काम आम्हाला दिलं होतं. डब्यात सौर पॅनेलची बॅटरी, सेन्सर, सिमकार्डाचा मोडेम आणि रास्पबेरी पाय झीरो हा चिमुकला संगणक. झीरो का, तर तो वीज फार कमी खातो.

हा झीरो २०१५ सालातला पहिला अवतार. एकच कोअर, एक गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी मेमरी. प्रोसेसर आर्म ११७६, घराणं आर्मव्ही६. हे ‘व्ही६’ लक्षात ठेवा, सगळं रामायण त्याच्यावरून आहे.

आधी आम्ही प्रोग्रॅम झीरोवरच कंपाइल करायचो. चाळीसेक सी प्लस प्लसच्या फाइल. मेमरी भरली की तो स्वॅप करायला, म्हणजे मेमरीतला माल कार्डावर हलवायला लागतो, आणि मग पावणेदोन तास नुसतं हिरव्या दिव्याकडे बघत बसायचं. पाय ४, म्हणजे झीरोचा मोठा भाऊ, घेऊन त्यावर का नाही केलं, असं कुणीही विचारेल. त्या वर्षी पाय ४ बाजारात मिळतच नव्हता. त्याही आधीच्या एका सहकाऱ्यानं लॅपटॉपवर एक आयता क्रॉस कंपायलर ठेवला होता. क्रॉस कंपायलर म्हणजे जो चालतो एका यंत्रावर आणि मशीन कोड काढतो दुसऱ्यासाठी. पण तो जीसीसी या कंपायलरची जुनी ४.८ आवृत्ती होता आणि आमची नवी लायब्ररी सी प्लस प्लस १७ मागत होती. ४.८ ला त्याचा गंधही नव्हता.

मग मी सगळे करतात तेच केलं. माझ्या लॅपटॉपवरच्या उबुंटू २२.०४ या लिनक्सवर आर्मचा क्रॉस कंपायलर एका आज्ञेत इन्स्टॉल होतो. झाला. दोन मिनिटांत बिल्ड. इतकी वर्षं आपण काय करत होतो, असं वाटलं. फाइल झीरोवर टाकली, चालवली, आणि उत्तर आलं: व्हर्जन जीलिबसी २.३४ नॉट फाउंड.

जीलिबसी ही लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी. ती आपल्या प्रत्येक फंक्शनवर, ते कुठल्या आवृत्तीत आलं याचा शिक्का मारून ठेवते. एखाद्या फंक्शनचं वागणं बदललं तर नव्या शिक्क्याचं नवं फंक्शन येतं आणि जुनंही तसंच ठेवतात. म्हणून जुना प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर बिनबोभाट चालतो. नवा प्रोग्रॅम जुन्या लायब्ररीवर चालेलच याची मात्र हमी नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या २.३४ मध्ये तर मेनला, म्हणजे जिथून आपण लिहिलेला कोड सुरू होतो त्याला, हाक मारणाऱ्या फंक्शनवरच नवा शिक्का बसला. म्हणजे तुम्ही साफ रिकामं मेन लिहिलंत, तरी तो प्रोग्रॅम २.३४ मागणारच. माझ्या उबुंटूवर २.३५ होती. डब्यांमध्ये रास्पबियन बस्टर हे झीरोचं जुनं लिनक्स, म्हणजे २.२८.

ठीक आहे, म्हटलं, लायब्ररी सोबतच बांधून देऊ. स्टॅटिक लिंक केलं. फाइल चांगलीच फुगली, पण आता कुणाकडे काही मागायचा प्रश्न नव्हता. चालवली. या वेळी दोनच शब्द: इल्लिगल इन्स्ट्रक्शन.

प्रोग्रॅममध्ये पहिल्याच ओळीला मी लॉग लिहिते. तोही आला नव्हता. म्हणजे गाडी मेनपर्यंत पोचायच्या आधीच आडवी झाली होती.

कारण सापडायला अर्धी रात्र गेली, समजायला पाच मिनिटं. डेबियन आणि त्यावर उभं असलेलं उबुंटू या लिनक्सांची आर्मएचएफ आवृत्ती किमान आर्मव्ही७ प्रोसेसर गृहीत धरते. झीरो त्याच्या एक पिढी मागचा. २०१२ साली रास्पबियनवाल्यांनी सगळं डेबियन आर्मव्ही६ साठी पुन्हा कंपाइल केलं ते याच कारणानं. वाईट भाग असा, की दोघांनी नाव एकच ठेवलं. इकडेही आर्मएचएफ, तिकडेही आर्मएचएफ. एकाच नावाच्या दोन माणसांची पत्रं एकाच पोस्टमनकडे.

तर मग कंपायलरलाच सांगू की व्ही६ साठी कोड काढ. त्यासाठी एम-आर्च नावाचा पर्याय असतो. तिथे आर्मव्ही६ लिहिलं तर तो म्हणाला, या प्रोसेसरला एफपीयू, म्हणजे दशांश चिन्हाच्या संख्यांचं गणित करणारा भाग, नाही. आहे रे बाबा, म्हणून पुढे ‘प्लस एफपी’ जोडलं. त्यावर त्याचं उत्तर असं होतं:

‘सॉरी, अनइम्प्लिमेंटेड: थंब-१ हार्ड-फ्लोट व्हीएफपी एबीआय.’

इतक्या वर्षांत कंपायलरनं माझी माफी मागितली ती एवढ्यातच. त्याचं म्हणणं समजून घेतलं तर अगदी रास्त होतं. आर्मच्या इन्स्ट्रक्शन दोन साच्यांत येतात: पूर्ण लांबीचा आर्म आणि आखूड केलेला थंब. उबुंटूचा कंपायलर सांगितलं नाही तर थंबमध्ये लिहितो, आणि त्याचा तो थंब म्हणजे थंब-२, जो आमच्या ११७६ ला येत नाही. मी व्ही६ म्हटल्यावर तो जुन्या थंब-१ वर उतरला, आणि थंब-१ मधून दशांश चिन्हाच्या संख्या हार्डवेअरच्या रजिस्टरांतून द्यायची सोय कुणी लिहिलेलीच नाही. मग ‘एम-आर्म’ म्हणून तिसरा पर्याय दिला, थंब नकोच म्हणून. आता सगळं बिनतक्रार कंपाइल झालं. मी ते झीरोवर टाकलं, एंटर दाबलं, आणि परत इल्लिगल इन्स्ट्रक्शन.

त्या रात्री मी रीडएल्फ उघडलं. कंपाइल झालेल्या फाइलच्या पोटात काय आहे ते सांगणारा हा छोटा प्रोग्रॅम. त्याला कॅपिटल ए दिलं की आर्मच्या फाइलवरच्या खुणा दिसतात. माझ्या स्वतःच्या मेनच्या ऑब्जेक्ट फाइलवर, म्हणजे जोडाजोडीआधीच्या कंपाइल झालेल्या तुकड्यावर, लिहिलं होतं, टॅग सीपीयू आर्च: व्ही६. शाबास. लिंक होऊन तयार झालेल्या फाइलवर: टॅग सीपीयू आर्च: व्ही७. सगळा कोड मी व्ही६ मध्ये केलेला, मग हा व्ही७ शिरला कुठून?

ऑब्जडम्पनं सुरुवातीच्या इन्स्ट्रक्शन उलगडून पाहिल्या. प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या ‘स्टार्ट’ लेबलखाली पहिलीच ओळ ‘मूव्ह डॉट डब्ल्यू’. तो शेवटचा डब्ल्यू म्हणजे चार बाइटची थंब-२ इन्स्ट्रक्शन. आणि ही ओळ मी लिहिलेली नव्हतीच. ती होती सीआरटी१ नावाच्या फाइलमधली. आपलं मेन सुरू व्हायच्या आधी सगळी मांडामांड करणारी ही चिमुकली फाइल, कंपायलर आपल्याला न विचारता प्रत्येक प्रोग्रॅमला जोडतो. तशीच लिबजीसीसी, जीसीसीची स्वतःची मदतनीस लायब्ररी. तशीच सी लायब्ररी. तशीच सी प्लस प्लसची लायब्ररी. मी समजत होते कंपायलर म्हणजे दुभाषा. तो दुभाषा आहेच, पण येताना स्वतःची शिदोरी घेऊन येतो आणि ती तुमच्या पानात वाढतो. मी भाषा बदलायला सांगितली होती, शिदोरी घरून निघतानाच व्ही७ ची बांधलेली होती. हे सगळे तुकडे जोडणारा लिंकर अशा वेळी काही बोलत नाही. सगळ्या तुकड्यांवरच्या खुणा बघतो आणि सर्वांत वरची खूण मुकाट्यानं अंतिम फाइलवर मारतो.

म्हणजे शिदोरीच नव्यानं करायची. व्ही६ ची सी लायब्ररी, व्ही६ ची लिबजीसीसी, आणि ते करणारा कंपायलर. याला टूलचेन म्हणतात. साखळी हा शब्द किती खरा आहे ते पुढच्या दोन आठवड्यांत कळलं.

पुण्याच्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, “क्रॉसटूल-एनजी नावाचं एक साधन आहे, सगळं आपणहून करतं. मेनूत चार गोष्टी निवड, एंटर मार आणि घरी जा.”

“मी घरीच आहे.”

“मग झोप.”

त्याचं ऐकायला हवं होतं, हे आत्ताच कबूल करते. पण दोन रात्री मार खाल्ल्यावर नुसतं बटण दाबणं मनाला पटेना. आत काय चालतं ते बघायचं होतं. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांचं जीसीसी रिसोर्स सेंटर होतं, त्यांच्या कार्यशाळांच्या स्लाइड कधीतरी उतरवून ठेवलेल्या होत्या. जीसीसीच्या पोटात शिरायला त्यांच्याइतकी समजूतदार वाट मला दुसरी मिळाली नव्हती. त्या पुन्हा काढल्या आणि हाताने करायचं ठरवलं. आवृत्त्या बस्टरमध्ये होत्या त्याच: जीसीसी ८.३, जीलिबसी २.२८, बिनयूटिल्स २.३१. डब्यातल्या लायब्ररीपेक्षा नवं काही वापरायचंच नाही, म्हणजे शिक्क्याची भानगड उरत नाही.

सुरुवातीलाच नाव ठेवावं लागतं. टूलचेनचं नाव म्हणजे डॅश घालून जोडलेले तुकडे: प्रोसेसर, बनवणारा, कर्नल, आणि शेवटी एबीआय, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे एकमेकांशी कसे बोलणार त्याचे नियम. दुसरा तुकडा कुणी तपासत नाही, तिथे काहीही चालतं. पहिल्या प्रयत्नात मी तो गाळला आणि माझ्या नव्या असेंब्लरचं नाव उबुंटूच्या असेंब्लरसारखंच झालं. पाथमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या पत्त्यांच्या यादीत, दोघे शेजारी. कुठला चालतोय काही पत्ता नाही. तेव्हा सगळं पुसून नाव दिलं, आर्म-डिचोली-लिनक्स-जीएनयूईएबीआयएचएफ. कॉन्फिगरनं, म्हणजे बिल्डची मांडणी ठरवणाऱ्या स्क्रिप्टनं, डिचोली बिनतक्रार मान्य केली. आमच्या नगरपालिकेची मुदतीत मिळालेली मंजुरी सोडली तर असा आनंद मला क्वचित झाला आहे.

बिनयूटिल्स, म्हणजे असेंब्लर आणि लिंकर, चार मिनिटांत झालं. कर्नलचे हेडर त्याहून लवकर. इथपर्यंत सोपं आहे आणि म्हणूनच पुढचं जड जातं.

कारण आता गाठ येते. जीसीसी पुरता बांधायचा तर त्याला त्या यंत्राची सी लायब्ररी हवी, कारण लिबजीसीसी आणि सी प्लस प्लसची लायब्ररी तिच्यावर उभ्या. सी लायब्ररी बांधायची तर त्या यंत्रासाठीचा जीसीसी हवा. माड आधी की नारळ आधी. यावरचा तोडगा असा की जीसीसी दोनदा बांधायचा. पहिल्यांदा लंगडा: फक्त सी, थ्रेड नाहीत, शेअर्ड लायब्ररी नाही, हेडर नाहीत असं समजून. त्या लंगड्याकडून जीलिबसी करून घ्यायची. मग ती हाताशी धरून जीसीसी पुन्हा, या वेळी धडधाकट. दही लावायला विरजण लागतं, आणि विरजण म्हणजे दहीच. शेजारून चमचाभर आणायचं, पहिलं दही आंबट होतं, दुसऱ्या दिवशी त्यातूनच चांगलं लागतं. आमच्याकडे त्या आठवड्यात खरोखरच विरजण संपलं होतं, म्हणून हे सुचलं.

लंगडा जीसीसी एका संध्याकाळी झाला. म्हणजे दुसऱ्या संध्याकाळी. पहिल्या संध्याकाळी तो जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या गणिताच्या तीन लायब्ररी नाहीत म्हणून अडून बसला. त्या आणून ठेवणारी स्क्रिप्ट जीसीसीच्या स्वतःच्याच कॉन्ट्रिब फोल्डरमध्ये असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगून ठेवते.

जीलिबसी हे प्रकरण मात्र वेगळं. जीसीसी तुम्हाला चुका करू देतो आणि तासाभरानं आपटतो. जीलिबसी दारातच उभी करते. सोर्सच्या फोल्डरात कॉन्फिगर चालवलं तर आत घेतच नाही, वेगळा बिल्ड फोल्डर कर म्हणते. तो केला. मग ‘क्रिटिकल प्रोग्रॅम मिसिंग ऑर टू ओल्ड’, बायसन नावाचं साधन नव्हतं. घातलं. मग म्हणाली, एलडी लायब्ररी पाथमध्ये, म्हणजे लायब्ररी शोधायच्या पत्त्यांच्या यादीत, चालू फोल्डर असता कामा नये. मी छापून पाहिलं. त्यात चालू फोल्डर नव्हताच. एकच पत्ता होता, ऑप्ट फोल्डरमधल्या एका जुन्या साधनाचा. तीन वेळा पाहिलं. चौथ्या वेळी दिसलं, पत्त्याच्या शेवटी एक विसर्ग लोंबत होता.

विसर्ग म्हणजे कोलन. कधीतरी मी बॅशच्या फाइलमध्ये ‘नवा पत्ता, कोलन, आधीचं जे काय असेल ते’ असं लिहिलं होतं. आधीचं काहीच नव्हतं. कोलननंतर रिकामं, आणि या यादीत रिकामी जागा म्हणजे ‘इथेच, जिथे तू उभा आहेस’. दोन टिंबांपायी दीड तास. गंमत म्हणजे जीलिबसी बरोबरच होती, आणि मी तिला फोनवर मित्राजवळ बरंच वाईट बोलले होते.

सगळ्यात जास्त घोळ मात्र ‘होस्ट’ या शब्दानं घातला. कॉन्फिगरला तीन नावं सांगायची असतात: बिल्ड, होस्ट, टार्गेट. कंपायलर बांधताना मी टार्गेट म्हणून आर्म-डिचोली दिलं होतं, म्हणून जीलिबसीलाही सवयीनं तेच टार्गेट दिलं. तिनं शांतपणे माझ्या लॅपटॉपच्याच जीसीसीनं इंटेलची लायब्ररी बांधायला घेतली. होस्ट म्हणजे यजमान, आणि प्रश्न असा विचारायचा की हा प्रोग्रॅम राहणार कुणाच्या घरी? कंपायलर राहणार लॅपटॉपच्या घरी, तो कोड काढतो झीरोसाठी. म्हणून त्याचा होस्ट लॅपटॉप, टार्गेट झीरो. सी लायब्ररी राहणार झीरोच्या घरी. म्हणून तिचा होस्टच झीरो. ती कुणासाठी कोड काढत नाही, तेव्हा टार्गेटचा प्रश्नच नाही. हे कळलं आणि तोपर्यंत आंधळेपणानं उतरवलेल्या आज्ञा एकदम वाचता यायला लागल्या.

एका अपघातातून थोडक्यात वाचले, तेही सांगते. जीलिबसीला आपण यूएसआर या पत्त्यासाठी कॉन्फिगर करतो, कारण झीरोवर ती तिथेच असणार. पण इन्स्टॉल करताना मात्र ‘इन्स्टॉल रूट’ देऊन सगळं आपल्या वेगळ्या फोल्डरात, सिसरूटमध्ये, उतरवायचं असतं. मी ते द्यायला विसरले. पडद्यावर ‘परमिशन डिनाइड’च्या ओळीच ओळी. सुडो, म्हणजे यंत्राच्या मालकाचे अधिकार देणारी आज्ञा, लावला असता तर माझ्या लॅपटॉपचे हेडर आणि आयकॉन्व्ह, गेटकॉन्फ, लोकेल यांसारखे प्रोग्रॅम आर्मचे होऊन बसले असते. परमिशन डिनाइड दिसलं की सुडो लावायची आपल्या सगळ्यांच्या हाताला सवय असते. त्या रात्री माझा हात का थांबला, कोण जाणे.

मग दुसरा, धडधाकट जीसीसी. यात आर्च आर्मव्ही६, एफपीयू व्हीएफपी, फ्लोट हार्ड, हे तिन्ही कॉन्फिगरमध्येच सांगितलं, पहिल्यातही सांगितलं होतं. म्हणजे प्रत्येक वेळी आज्ञेत आठवणीनं लिहायला नको, न लिहिताच तो व्ही६ चा कोड काढणार. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला तेव्हा मेक, म्हणजे फाइलमागून फाइल कंपाइल करवून घेणारा प्रोग्रॅम, सुरू केलं. बाहेर धोधो पाऊस. त्याच्या पोळ्या घेऊन आत आले तर लिबस्टडीसीपीपीच्या, म्हणजे सी प्लस प्लसच्या लायब्ररीच्या, ओळी सरकत होत्या. आई म्हणाली, “अजून तेच?”

“आता शेवटचंच आहे, आई.”

“हे तू मंगळवारीही म्हणाली होतीस.”

आणि वीज गेली. जुलैतली डिचोली, इन्व्हर्टर रात्रीच उतरलेला. माझ्या लॅपटॉपची बॅटरी म्हणजे नावाला. पडदा काळा.

दुपारी वीज आल्यावर मेक पुन्हा चालवलं. मेकचं एक बरं आहे, झालेलं पुन्हा करत नाही. त्याचंच वाईटही आहे. थोड्या वेळानं लिंकर म्हणाला, ‘फाइल नॉट रेकग्नाइज्ड, फाइल ट्रंकेटेड’. वीज गेली त्या क्षणी ज्या ऑब्जेक्ट फाइल लिहिल्या जात होत्या त्या शून्य बाइटच्या राहून गेल्या होत्या. मेक फक्त तारीख-वेळ बघतं. फाइल आहे, सोर्सपेक्षा नवी आहे, म्हणजे झालं. आत काही आहे का, हे बघणं त्याच्या कामात बसत नाही. फाइंडला सांगून शून्य आकाराच्या सगळ्या ऑब्जेक्ट फाइल शोधल्या, चार निघाल्या, पुसल्या, पुन्हा मेक. पाऊण तासात काम संपलं.

आता परीक्षा. रिकामं मेन. कंपाइल. रीडएल्फ. टॅग सीपीयू आर्च: व्ही६. झीरोवर टाकलं, चालवलं, काही छापलं नाही, काही तक्रार नाही. रिकाम्या प्रोग्रॅमनं काहीच न करणं इतकं सुंदर असू शकतं.

मग आमचा खरा प्रोग्रॅम. बिल्ड झाला, सव्वादोन मिनिटं. रीडएल्फ: व्ही७.

खरं सांगते, मी लॅपटॉप मिटला आणि भांडी घासायला गेले. भांडी घासताना आठवलं. एमक्यूटीटीची, म्हणजे निरोप पाठवण्याची, लायब्ररी आम्ही दर वेळी बांधत नाही. बांधून ठेवलेली ‘डॉट ए’ फाइल वापरतो. ती मीच, पहिल्या दिवशी, उत्साहाच्या भरात उबुंटूच्या कंपायलरनं करून ठेवली होती. हात पुसून आले. लिंकमध्ये जाणाऱ्या प्रत्येक फाइलवर रीडएल्फ फिरवलं, सगळ्या व्ही६, ती एक व्ही७. चोर घरातलाच. ती पुन्हा बांधली. व्ही६.

तेव्हापासून बिल्डच्या शेवटी एक ओळ कायमची घातली आहे: तयार फाइलवर व्ही७ दिसलं तर बिल्ड फेल. कुणाच्या आठवणीवर सोडलेलं नाही, विशेषतः माझ्या.

सतराव्या दिवशी मयेवरून चोडणला गेले. पणजीकडची मंडळी रायबंदरच्या फेरीनं येतात, आम्हाला डिचोलीहून रस्ता आहे. मोडेमवरून फाइल पाठवता आली असती, पण पहिला डबा डोळ्यांदेखत चालू व्हावा असं वाटत होतं. बांधावर गुडघाभर चिखल. मानशीवर नजर ठेवणारे काका छत्री धरून उभे होते.

“बाय, आयज उदक चड आसा,” ते म्हणाले. आज पाणी जास्त आहे.

मी डब्याला लॅपटॉप जोडला, जुना प्रोग्रॅम थांबवला, नवा चालू केला. १.६२ मीटर. १.६२. १.६३. मग सेन्सरनं सवयीनं शून्य टाकलं, लॉगमध्ये ते दिसलं, आणि बाहेर गेलेला आकडा १.६३ च राहिला. काकांनी पडद्याकडे पाहिलं, मग दारांकडे. दारं मिटलेली होती, फटीतून पाण्याची एक बारीक धार येत होती. तिच्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं की हे तुझ्या यंत्रात दिसतं का. नाही दिसत, मी म्हटलं.

उरलेले तेरा डबे पुढच्या दोन दिवसांत घरबसल्या बदलले. टूलचेनचं एक गाठोडं बांधून ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवलं, सोबत प्रत्येक आज्ञा क्रमानं लिहिलेली फाइल. मग पुण्याच्या मित्राला बरं वाटावं म्हणून क्रॉसटूल-एनजीमध्येही तीच चौकट भरून पाहिली. एका झोपेत झालं, त्यानं सांगितलं होतं तसंच. आता ऑफिसात नवा मुलगा आला की त्याला मी क्रॉसटूलच देते. गाठोडं फक्त मी वापरते.

एक गोष्ट मनात आहे. जीलिबसी २.२८ वर ३२ बिटांच्या आर्मचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला उलटं फिरणार. मानशी तेव्हाही असतील. आमचे डबे असायची शक्यता कमी, पण सरकारी कामात काय टिकेल ते सांगता येत नाही.

आणि जीडीबी बांधायचा राहिलाच. टूलचेन झाल्यावर त्याच प्रीफिक्सनं डीबगरही बांधून घ्यायचा असतो, झीरोवर जीडीबीसर्व्हर टाकायचा असतो, म्हणजे लॅपटॉपवर बसून डब्यातला प्रोग्रॅम ओळीओळीनं चालवता येतो. मला त्याची गरज पडली ती बरोबर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, सातव्या क्रमांकाच्या डब्यावर, रात्री अकराला. सोर्स उतरवला, कॉन्फिगर चालवलं, आणि होस्ट काय द्यायचं यावर पुन्हा दहा मिनिटं विचार केला.